पाऊस, कापूस, मटका, मोबाइल

जिल्हा पुरवणीच्या आतल्या पानावर एक बातमी वर्षानुवर्षं ठरलेल्या साच्यात येत राहते. पानटपरीच्या आडोशाला एक इसम लोकांकडून पैसे घेऊन कल्याण नावाचा मटका खेळवताना मिळून आला. आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या, एक बॉलपेन आणि काही शे रुपये रोख असा मुद्देमाल जप्त. कलम १२ (अ) प्रमाणे गुन्हा दाखल. रक्कम बदलते, टपरी बदलते, बॉलपेन मात्र यादीतून सहसा सुटत नाही.

हे कलम ज्या कायद्यातलं आहे तो १८८७ चा. तेव्हा तो मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा होता, आता नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलंय. उत्तरेकडच्या ब्रिटिश मुलखासाठी १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा होता. मुंबई इलाख्याने आपला वेगळा केला. त्यामागचा विचार सरळ होता: कोण कुठे पत्ते कुटतं याच्याशी सरकारला फारसं देणंघेणं नाही, अड्डा चालवून त्यावर कमाई करणारा मात्र सापडला पाहिजे. आणि रस्त्यावर, चौकात डाव मांडू नये. घरातल्या घरात चार सोयऱ्यांचा आखाजीचा डाव या कायद्याला कधी खुपला नाही.

कायद्यातली अड्ड्याची व्याख्या एकदा सावकाश वाचून बघावी. कापसाचा किंवा अफूचा बाजारभाव, त्या भावातले शेवटचे आकडे, शेअरचे भाव, पाऊस पडणं-न पडणं, पाऊस किती पडला त्याचे आकडे, पत्त्यांवरची चित्रं नि आकडे. वकिली भाषेतली ही जंत्री म्हणजे मुंबईच्या नादांचा जमिनीतला थरच आहे. प्रत्येक शब्द एकेका पळवाटेवर मारलेला पाचर आहे.

पहिली पळवाट पावसाची. पत्ते नाहीत, फासे नाहीत, जुगाराचं म्हणून काही साहित्यच नाही. लोक आभाळाकडे बघून पैजा लावायचे. १८८७ च्या शब्दांत ते नीट बसेना, म्हणून तीनच वर्षांत, १८९० मध्ये, दुरुस्ती करावी लागली.

पुढे कापूस. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईत यायचे, आणि त्या भावांच्या आकड्यांवर पैसे लागायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथले. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून येणारे हे आकडे बंद झाले. खेळ तिथेच संपायला हवा होता, पण लोकांना सवय आकड्याची लागली होती, कापसाची नव्हे. वरळीत कल्याणजी भगत आणि पाठोपाठ रतन खत्री यांनी आकडा काढण्याची नवी रीत बसवली. आधी मडक्यातून चिठ्ठ्या, नंतर पत्ते. मडकं गेलं, नाव राहिलं.

रीत अशी: तीन पत्ते काढायचे. समजा पंजा, तिर्री आणि छक्की निघाली. बेरीज १४, म्हणजे ओपन ४. रात्री पुन्हा तीन पत्ते, बेरीज १८, म्हणजे क्लोज ८. जोडी झाली ४८. एका आकड्यावर दहा रुपये लावले तर सर्वसाधारणपणे नव्वद मिळत. आता शून्य ते नऊ हे दहाही आकडे एकेका माणसाने दहा-दहा रुपयांना घेतले असं धरा: धंद्यात शंभर आले, नव्वद गेले, दहा राहिले. कुठलीही लबाडी न करता. गिरणगावात पगाराच्या दिवशी हा हिशेब कोणी मांडत नसे. स्वप्नात साप दिसला तर कुठला आकडा लावायचा, यावर मात्र अर्धा तास चर्चा होई.

आणि इथेच सरकारची भूमिका दुहेरी होते. १९६९ मध्ये महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. लोक आकड्यावर पैसे लावणारच असतील तर ते मटक्याऐवजी सरकारी तिजोरीत यावेत, असा तो विचार. घोड्यांची शर्यत तर कायद्याने आधीच बाजूला काढून ठेवलेली. महालक्ष्मीला, परवान्यात, आवाराच्या आत लावलेले पैसे म्हणजे शर्यत. कुंपणाबाहेर लावलेले म्हणजे सट्टा. १९७६ मध्ये विधिमंडळाने कॅसिनोवर नियंत्रण नि कर बसवणारा कायदाही करून ठेवला, पण तो कधी अमलातच आणला नाही. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. सत्तेचाळीस वर्षं नुसता कागदावर! शेजारच्या गोव्याने उलटी वाट धरली: १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचा खेळ, १९९६ मध्ये जहाजांवर पत्त्यांची टेबलं. मांडवीतल्या त्या बोटींवर गोंयकारांना मात्र बंदी. यजमानाने पाहुण्याला वाढावं आणि घरच्यांना त्या ताटाजवळ येऊ देऊ नये, तसला प्रकार.

राज्यघटनेने पैजा आणि जुगार हा विषय राज्यांकडे दिला, राज्यांच्या लॉटऱ्या केंद्राकडे. १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगाराला व्यापाराच्या मूलभूत हक्काचं संरक्षण नाकारलं. वाद होता साप्ताहिकातल्या शब्दकोड्यांच्या बक्षिसांवरून, आणि कायदा मुंबई राज्याचा होता. पण १८८७ च्या कायद्यातच एक बारीक खिडकी होती: निव्वळ कौशल्याच्या खेळाला यातलं काही लागू नाही. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. तो खटला एका क्लबमधल्या पत्त्यांचा होता. पन्नास वर्षांनी मोबाइलवरचा सगळा रमीचा धंदा त्याच निकालाची छत्री घेऊन उभा राहिला. क्लबात टेबलाला तास असतो, कोणी तरी घरी जायला उठतं. फोनवर पहाटे तीनलाही समोर गडी हजर असतो.

'जबाबदारीने खेळा' हे वाक्य आपल्याकडे या टप्प्यावर आलं. डिसेंबर २०२० पासून जाहिरातींच्या स्वनियमन संस्थेने आर्थिक जोखीम आणि व्यसनाचा इशारा सक्तीचा केला. छापील जाहिरातीत किमान वीस टक्के जागा त्याला, आणि खेळाला कमाईचं साधन म्हणून दाखवायचं नाही. टीव्हीवर तो इशारा कसा वाचला जायचा ते आठवत असेल. एका श्वासात, गाडी सुटल्यासारखा. तमिळनाडूने त्याहून ठोस काही केलं: २०२५ च्या नियमांत रात्री बारा ते पहाटे पाच पैशांचा ऑनलाइन खेळ बंद. बजावण्यापेक्षा टेबल उचलणं मला तरी अधिक पटतं.

दरम्यान तिजोरीनेही आपला वाटा वाढवला. कौटिल्याचा द्यूताध्यक्ष जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घेई. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी खेळाडूने भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के झाला, हरो वा जिंको.

मग ऑगस्ट २०२५. महिनाभर आधीच विधान परिषदेत एका मंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ गाजला होता. आपण जाहिरात बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. संसदेत २० आणि २१ ऑगस्टला ऑनलाइन गेमिंगचं विधेयक मंजूर झालं, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद. कौशल्य की नशीब, हा प्रश्नच नव्या कायद्याने पुसून टाकला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. बड्या कंपन्यांनी पैशांचे खेळ लगोलग थांबवले आणि काही जण कोर्टात गेले.

खेळणाऱ्याला मात्र त्यात शिक्षा नाही. सरकारच्या लेखी तो पीडित. १८८७ चा कायदा अजून लागू आहे, आणि अड्ड्यावर नुसता सापडलेला माणूसही खेळायलाच आला होता असं तो धरून चालतो. म्हणजे फोनवर लाखभर घालवलेला माणूस समुपदेशनाला पात्र, आणि टपरीमागे दहा रुपयांची जोडी लावणारा १२ (अ) चा आरोपी. चिठ्ठी आणि बॉलपेनसह.