झिलियनवर शून्ये किती?

झिलियन, जिलियन, गॅझिलियन, बझिलियन, स्क्विलियन, अम्प्टीन. इंग्रजी बोलण्यात ‘खूप म्हणजे खूपच’ या अर्थाने हे शब्द सर्रास येतात आणि त्यांतल्या एकाचीही किंमत ठरलेली नाही. झिलियनमध्ये एक मिळवा, झिलियनच राहतो. तरी ऐकणारा त्याला संख्या समजतो, कारण शब्दाचं शेपूट खऱ्या संख्यांचं आहे. अमेरिकेतल्या वेन स्टेट विद्यापीठातले स्टीफन क्रिसोमालिस यांनी या शब्दांचा खास अभ्यास केला आहे.

‘मिलियन’ मूळ इटालियन. ‘मिल्ले’ म्हणजे हजार, त्याला मोठेपणा दाखवणारा प्रत्यय लागून झाला ‘मोठा हजार’. फ्रेंच गणिती निकोला शुके यांच्या 1484 च्या हस्तलिखितात लॅटिन दोन, तीन, चारवरून बिलियन, ट्रिलियन अशी नावं पार नॉनिलियनपर्यंत दिलेली आहेत. एवढी मोठी माळ समोर असली की ‘इलियन’ हा तुकडा सुटा वाटू लागतो. विसाव्या शतकात बोलणाऱ्यांनी त्याच्या सुरुवातीला ‘झ’ जोडला. त्याला लॅटिन अर्थ नाही, पण झेड हे वर्णमालेतलं शेवटचं अक्षर, शिवाय उच्चार ठसकेबाज. नंतर सुरुवातीला ‘गॅ’, ‘ब’ असे उच्चाराचे अवयव चिकटले. गॅझिलियन झिलियनपेक्षा मोठा वाटतो तो फक्त एक अवयव जास्त आहे म्हणून. दोन्हींचा क्रम लावायला गेलात तर हाती काही लागत नाही.

अम्प्टीनचं घराणं निराळं. मोर्स संकेतातल्या रेघेला बोलीत ‘अम्प्टी’ म्हणत, टिंबाला ‘इडी’. त्या अम्प्टीला थर्टीन, फोर्टीनमधला ‘टीन’ लागला आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात शब्द चांगलाच पसरला. व्याकरणही शेपटाबरोबर येतं. मिलियनआधी ‘अ’ लागतो म्हणून ‘अ झिलियन’; फिफ्टीनआधी लागत नाही म्हणून नुसतं ‘अम्प्टीन’. ‘अ अम्प्टीन’ म्हटलं की इंग्रजी भाषकाच्या कानाला खटकतं. ‘अम्प्टीन्थ टाइम’, म्हणजे ‘कितव्यांदा तरी’, मात्र अगदी रोजचं, आणि बहुतेक वेळा वैतागलेलं.

गुगोल या मंडळींतला वाटतो, पण तो नाही. अमेरिकी गणिती एडवर्ड कॅस्नर यांच्या लहानग्या भाच्याने सुचवलेला हा शब्द एकावर नेमकी 100 शून्ये सांगतो. खऱ्या शब्दांनीही घोळ घातलेला आहे, तो वेगळाच: ब्रिटनमध्ये पूर्वी बिलियन म्हणजे एकावर 12 शून्ये असत, अमेरिकेत 9. ब्रिटिश सरकारने 1974 मध्ये अमेरिकी अर्थ स्वीकारला. त्याआधीचा ब्रिटिश मजकूर वाचताना हे तपासावंच लागतं.

मराठीत आणताना ‘झिलियन्स ऑफ डॉलर्स’चं ‘अब्जावधी डॉलर’ करू नये. अब्ज म्हटलं की वाचक शून्ये मोजू लागतो, आणि मुळात आकडाच नव्हता. ‘बक्कळ पैसा’ पुरेसं आहे. कारणांबद्दल असेल तर ‘सतराशे साठ कारणं’ चपखल बसतं. गंमत म्हणजे तिथे आकडा अगदी नेमका असतो आणि तो कुणीच मोजत नाही.