‘गप्पा मारत पळा’ हे आलं कुठून?

आमच्या पुण्यातल्या रनिंग क्लबची नवी बॅच सुरू झाली की पहिल्या रविवारी कोणीतरी विचारतंच, मॅरेथॉनची तयारी करायला आलोय आणि तुम्ही सांगताय हळू पळा, गप्पा मारत पळा, हा काय प्रकार आहे. मीही विचारलं होतं. तळजाईच्या टेकडीवर पहिल्याच दिवशी तिसऱ्या किलोमीटरला मी कमरेवर हात ठेवून उभा, आणि शेजारून साठीच्या एक काकू मोदकाची उकड चिरू नये म्हणून काय करायचं ते दुसऱ्या काकूंना सांगत सांगत पुढे निघून गेल्या, धाप वगैरे काही नाही. तर दरवेळी चहाच्या टपरीवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो.

सुरुवातीला मॅरेथॉनमध्ये पळणाऱ्याच्या तब्येतीची काळजी ही भानगडच नव्हती. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये ३२ अंशाच्या आसपास ऊन, रस्त्यावर नुसता धुरळा, आणि पाणी मुद्दाम कमी ठेवलेलं, का तर शरीराला पाणी मिळालं नाही तर काय होतं ते संयोजकांना बघायचं होतं! ३२ जण सुटले, १४ पोचले. जिंकलेल्या थॉमस हिक्सला वाटेत त्याच्याच माणसांनी स्ट्रिक्निन म्हणजे चक्क विष थोडं थोडं पाजलं होतं, वर ब्रँडी. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोर्तुगालचा लाझारो शर्यतीत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला.

आपल्याकडची गोष्ट तर पुण्यातलीच आहे. १९१९ मध्ये डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत शेतकरी पोरं अनवाणी पळताना दोराबजी टाटांनी पाहिली, ट्रेनिंग नाही, कोच नाही, तरी वेळ बऱ्यापैकी, आणि त्यातूनच १९२० ला अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताची टीम गेली. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन पळाले आणि १९ वे आले, २ तास ५० मिनिटांत, आणि ती शर्यत आजच्यासारखी ४२.१९५ किमी नव्हती, ४२.७५ होती. आपल्या क्लबात सब-थ्रीचं, म्हणजे तीन तासांच्या आत मॅरेथॉनचं, स्वप्न बघणारे वेगासाठीचे कार्बन प्लेटचे बूट घालून अजून बघतायत म्हणून सांगितलं, बाकी काही नाही. त्यांच्यासोबत सदाशिव दातारही उतरले होते, त्यांना शर्यत पूर्ण करता आली नाही, त्यामुळे त्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही.

आता गप्पांचं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला आर्थर लिडियार्ड नावाचा माणूस होता, बुटांच्या कारखान्यात काम करायचा आणि स्वतःवरच प्रयोग करत पळायचा. त्याचा निष्कर्ष असा की ८०० मीटरवाल्यानेही आधी आठवड्याला १०० मैल म्हणजे १६० किमी सावकाश पळून पाया पक्का करायचा, स्पीड नंतर. लोक हसले असणार, पण १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या पोरांपैकी स्नेलने ८०० मीटरचं गोल्ड घेतलं, हॅलबर्गने ५००० चं, आणि मॅगीने मॅरेथॉनमध्ये ब्राँझ.

मला मात्र त्या मेडलांपेक्षा त्याने नंतर केलेलं जास्त मोठं वाटतं. त्याने पोट सुटलेल्या मध्यमवयीन लोकांना गोळा केलं, त्यात हार्ट अटॅक येऊन गेलेलेही होते, ज्यांना त्या काळी आरामखुर्चीत बसा असंच सांगत, आणि त्यांना हळूहळू पळायला लावलं. अट एकच, शेजाऱ्याशी बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, संपलं. हार्ट रेटचं घड्याळ नव्हतं हो तेव्हा, गप्पा हेच मीटर. १९६२ च्या शेवटी अमेरिकेतले कोच बिल बॉवरमन तिकडे गेले होते, वय ५१, स्वतःला फिट समजत होते, आणि या जॉगर मंडळींबरोबर निघाले तर मागे पडले, इतके की सत्तरी ओलांडलेले, हार्ट अटॅक पचवलेले एक आजोबा त्यांच्यासाठी मागे थांबून त्यांना सोबत घेऊन आले. बॉवरमननी घरी ओरेगॉनला परतून तेच सुरू केलं आणि तिथून जॉगिंग अमेरिकाभर पसरलं. (हेच बॉवरमन पुढे नाइकेचे एक संस्थापक, म्हणजे हळू पळण्यातूनही धंदा होतोच.)

आपल्या फॉर्मवर ‘घरात कोणाला हार्टचा त्रास?’ हा प्रश्न आहे ना, जो अर्धे लोक रिकामा सोडतात, त्यामागे जिम फिक्स नावाचा अमेरिकन आहे. सिगारेटी सोडून, वजन उतरवून पळायला लागला, पळण्यावर पुस्तक लिहिलं ते प्रचंड खपलं, आणि १९८४ मध्ये ५२ व्या वर्षी पळतानाच गेला. वडील ४३ व्या वर्षी हार्टनेच गेले होते. पळण्याने माणूस मेला म्हणून तेव्हा बोंब झाली, पण मुद्दा हा की पळतोय म्हणजे तपासायची गरज नाही असं नसतं. चाळिशीच्या पुढच्यांनो, डॉक्टरची चिठ्ठी आणा म्हणजे आणा.

पाण्याचा तर लंबक झालाय. आधी पाणी नको, मग ऐंशी-नव्वदच्या दशकात उलट, जमेल तितकं प्या, तहान लागायच्या आधी प्या. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एक तरुण धावपटू बाई शर्यतीत प्रमाणाबाहेर पिऊन, तेही स्पोर्ट्स ड्रिंक, रक्तातलं सोडियम घसरल्याने गेली. त्याच शर्यतीतल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं होतं, त्याचा अभ्यास २००५ ला आला, १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. म्हणून आता तहानेप्रमाणे प्या म्हणतो आम्ही, आणि बाटलीत नुसतं पाणी नाही तर लिंबू-मीठ-साखर. सावकाश पळणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण ते पाच-सहा तास रस्त्यावर असतात आणि पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी थांबतात.

आठवड्याला १० टक्केच अंतर वाढवा हा नियम मात्र लोक वेदवाक्य असल्यासारखा सांगतात. नेदरलँड्समध्ये ५३२ नवख्यांवर करून बघितलं, २००८ ला छापून आलं, हळूहळू वाढवणाऱ्या गटात आणि नेहमीच्या गटात दुखापती जवळपास सारख्याच, वीस टक्क्यांच्या आसपास. तरी आम्ही तो पाळतो, नवीन माणसाला काहीतरी लगाम लागतोच, पण गुडघा बोलायला लागला तर टक्के बघत बसू नका.

बायकांचं थोडक्यात. ऑलिंपिकमध्ये त्यांना मॅरेथॉन मिळाली ती १९८४ ला, आणि पळणं जास्त, खाणं कमी झालं की पाळी चुकते, हाडं ठिसूळ होतात याला ऑलिंपिक समितीने नीट एक नाव दिलं २०१४ ला. ते पुरुषांनाही लागू आहे, वजन उतरवायच्या नादात जेवण सोडणारे आपल्यातही आहेत. म्हणून आमच्या ताई नवीन मुलींना टायमिंगच्या आधी जेवणाचं विचारतात.

पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून, पण आपण लहानपणी कडेला उभं राहून टाळ्याच वाजवायचो. २००४ ला मुंबई मॅरेथॉन आली आणि ऑफिसातली माणसं पळायला लागली, २०१२ ला साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, यवतेश्वरचा घाट, आणि मग सोसायटी तिथे रनिंग ग्रुप. ग्रुप आले तशा चुकाही आल्या, आमच्याकडेही सुरुवातीला शेवटच्या माणसाला सोडून सगळे पोह्यांवर तुटून पडलेले असायचे. एकदा एक जण चक्कर येऊन टेकडीवरच बसला आणि आम्हाला पाऊण तासाने कळलं. तेव्हापासून दर रविवारी एकजण शेपटाला, त्याने सगळ्यात मागे राहायचं, घड्याळ बघायचं नाही.

परवा शेपटाला मी होतो. नवीन एक मुलगा, आयटीतला असावा, मान खाली घालून पळत होता, बोलत नव्हता. विचारलं, सकाळी काय खाल्लंस रे?

“का... ही... नाही.”

तीन तुकड्यांत आलं उत्तर. खिशातली चिक्की त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, चल, आता पुढच्या वळणापर्यंत चालूया.