आत्मिक संजीवन

देवाने आपल्याला आतून बदलावे म्हणून ख्रिस्ती मंडळीने एकत्र येऊन केलेली प्रार्थना आणि त्या प्रार्थनेतून मंडळीत येणारी जागृती. माणूस निश्चयाने एखादी सवय सोडू शकतो, पण पापाचे मूळ उपटणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, ते पवित्र आत्म्याचे काम, अशी यामागची श्रद्धा. त्यामुळे संजीवनाची सुरुवात मागण्यापासून होते.

याचा पहिला नमुना नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आढळतो. येशूच्या स्वर्गारोहणानंतर सुमारे १२० शिष्य यरुशलेमेत प्रार्थनेत टिकून राहिले. दहा दिवसांनी, पन्नासाव्या दिवसाच्या म्हणजे पेंटेकॉस्टच्या सणाला, पवित्र आत्मा उतरला आणि सुमारे ३,००० लोकांनी बाप्तिस्मा घेतला. आकड्यापेक्षा त्यापुढचे वर्णन महत्त्वाचे आहे : विश्वास ठेवणारे आपली मालमत्ता विकून गरजवंतांना वाटून देऊ लागले. पुढे इफिसात जादूटोणा करणाऱ्यांनी आपली पुस्तके सर्वांदेखत जाळली. किंमत काढली तेव्हा ती चांदीची ५०,००० नाणी भरली. शोमरोनातल्या शिमोनाने मात्र पवित्र आत्म्याचे सामर्थ्य इतरांना देण्याचा अधिकार पैसे देऊन मिळवू पाहिला आणि येशूचा शिष्य पेत्र याने त्याला खडसावले. सामर्थ्य मागावे, विकत घेऊ नये, ही मर्यादा मंडळीने तेव्हापासून मानली आहे.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत हा बदल म्हणजे आयुष्यभर देवाच्या जीवनात सहभागी होत जाणे. ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ हा जप त्या साधनेचा गाभा. कॅथलिक चर्चमध्ये स्वर्गारोहण ते पेंटेकॉस्ट अशी नऊ दिवसांची प्रार्थना करतात. पोप लिओ तेरावे यांनी १८९७ मध्ये ती सर्व चर्चला नेमून दिली.

प्रॉटेस्टंट इतिहासात हेर्नहूट या जर्मन वस्तीचे उदाहरण बोलके आहे. आश्रयाला आलेले मोरेव्हियन (मोरेव्हिया प्रांतातून आलेले प्रॉटेस्टंट) आणि इतर लोक तेथे आपसांत भांडत होते. १३ ऑगस्ट १७२७ रोजी प्रभुभोजनाच्या वेळी त्यांची मने जुळली आणि त्यानंतर सुरू झालेली अखंड प्रार्थनेची साखळी शंभराहून अधिक वर्षे चालली. मोरेव्हियनांच्या सहवासाचा प्रभाव पडलेले इंग्लंडमधील मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांना २४ मे १७३८ रोजी लंडनमधील एका सभेत तारणाची खात्री पटली. त्यांचे खरे योगदान मात्र पुढच्या व्यवस्थेत आहे. १७४२ मध्ये ब्रिस्टलमधील त्यांच्या चळवळीच्या सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी सभासदांचे सुमारे बारा-बारा जणांचे गट पाडले आणि प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी गोळा करायचे ठरले. वसुलीला घरोघर जाणाऱ्यांना दिसले की कोणी पुन्हा दारूकडे वळला आहे, कोणाच्या घरात रोजचे भांडण आहे. मग हेच गट दर आठवड्याला एकमेकांच्या आत्म्याची विचारपूस करणाऱ्या बैठका बनले. सभेत पेटलेली ज्योत टिकते ती अशाच बैठकांत.

संजीवन माणसाला घडवून आणता येते का, हा जुना वाद आहे. योग्य साधने वापरली तर ते पिकासारखे उगवते, असे अमेरिकन प्रचारक चार्ल्स फिनी यांनी १८३५ मध्ये मांडले. त्याआधी, १७४६ मध्ये, अमेरिकेतील पाळक जोनाथन एडवर्ड्स यांनी बजावले होते की अश्रू, थरथर किंवा मोठा आवाज यांवरून काहीच सिद्ध होत नाही. सर्वांत भरवशाची खूण म्हणजे बदललेले आचरण. हातावर हात ठेवून बसणाऱ्या मंडळीला फिनींचे म्हणणे जागे करते, हे खरे. पण तारखा ठरवून भावना उचंबळवण्याची वाटही त्यातूनच निघाली, म्हणून एडवर्ड्स यांची कसोटी अधिक विश्वासार्ह ठरते.

विसाव्या शतकाच्या आरंभी जागृतीची लाटच आली. वेल्समध्ये १९०४–०५ साली खाणकामगारांच्या वस्त्या प्रार्थनेने भरून गेल्या. त्या बातम्या ऐकून पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रोजची प्रार्थना सुरू केली आणि १९०५ मध्ये तेथील मुली पापकबुली देत ढसाढसा रडू लागल्या. १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय पाळकाच्या सभेत गोरे-काळे शेजारी बसले. वंशभेदाच्या त्या काळात हा बदल डोळ्यांना दिसणारा होता. १९०७ मध्ये कोरियातील प्याँगयांगला लोकांनी उभे राहून चोरी, द्वेष, फसवणूक कबूल केली.

पूर्व आफ्रिकेत १९३० च्या दशकात रवांडातील गाहिनी येथून पसरलेल्या जागृतीत चोरलेल्या वस्तू मालकाला परत देणे हा पश्चात्तापाचा भागच होता. १९५० च्या दशकात केनियात त्यातील अनेकांनी ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या माऊ माऊ बंडाची शपथ घ्यायला नकार दिला आणि काहींनी त्यासाठी प्राण दिले. त्याच रवांडात १९९४ च्या वंशसंहारात चर्चच्या आवारातही कत्तली झाल्या. संजीवनाचा इतिहास लिहिताना हे वगळता येत नाही. एका पिढीला मिळालेली कृपा पुढच्या पिढीला वारशाने मिळत नाही.

आज मंडळ्यांत उपास-प्रार्थना, रात्रभराच्या सभा, बायबलमधील वचनाचे वाचन, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना आणि साक्ष (स्वतःचा अनुभव सर्वांसमोर सांगणे) असे याचे रूप दिसते. जाणते पाळक पापकबुलीबाबत एक शिस्त पाळतात : पाप फक्त देवापुढचे असेल तर ते देवापाशी कबूल करावे, एखाद्या माणसाविरुद्ध असेल तर आधी त्याच्या दारी जावे, आणि मंडळीचा विश्वासघात केला असेल तरच सर्वांसमोर उभे राहावे. जाहीर कबुलीत तिसऱ्याचे नाव घेऊ देत नाहीत.