पॉकेट बंद झालं, साठवलेले लेख कुठे न्यायचे?

८ जुलै २०२५ रोजी फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने ‘पॉकेट’ हे लेख नंतर वाचायला साठवून ठेवणारं ॲप बंद केलं. ठाण्याहून ऐरोली, घणसोली, वाशीला कामावर जाणाऱ्याला या ॲपची सवय का लागायची, हे समजायला कठीण नाही. सकाळी घरच्या वाय-फायवर लेख सेव्ह करायचा आणि गाडीत रेंज असो-नसो, वाचायचा. मधेच नेट गेलं तरी लेख उघडाच राहायचा.

सुरुवात २००७ची. नेट वायनर यांनी फायरफॉक्ससाठी ‘रीड इट लेटर’ नावाचं छोटं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची पुरवणी, लिहिलं. पुढच्याच वर्षी मार्को आर्मेंट यांचं तसंच काम करणारं ‘इन्स्टापेपर’ आलं. २००९मध्ये ‘रीडेबिलिटी’ने जाहिराती आणि आजूबाजूचा पसारा काढून नुसता मजकूर दाखवायची युक्ती आणली. ती सेवा २०१६मध्ये बंद पडली, पण तिचा मूळ कोड खुला, म्हणजे कुणालाही घेऊन वापरता येणारा होता. फायरफॉक्सचा रीडर व्ह्यू आजही त्याच कोडच्या वंशातला आहे. सेवा गेली आणि काम टिकलं, असं या क्षेत्रात क्वचितच घडलं आहे.

‘रीड इट लेटर’ २०१२मध्ये ‘पॉकेट’ झालं, २०१५मध्ये फायरफॉक्समध्येच बसवलं गेलं आणि २०१७मध्ये मोझिलाने ते विकत घेतलं. बंद करताना कंपनीने कारण दिलं ते असं, की लोकांची वेब वापरायची रीत बदलली आहे आणि आता लक्ष फायरफॉक्सवर द्यायचं आहे. माझ्या मते खरी अडचण जुनीच आहे: दुसऱ्याने लिहिलेले लेख फुकट सांभाळून ठेवण्यात पैसा नाही. वेगवेगळ्या साइटचे नवे लेख एका जागी दाखवणारं गूगल रीडर २०१३मध्ये गेलं. लिंक साठवणारं ‘डिलिशस’ याहूकडून पुढे हात बदलत राहिलं आणि २०१७मध्ये वर्गणीवर चालणाऱ्या ‘पिनबोर्ड’ने ते घेतलं. पॉकेटसारखंच ‘ऑम्निव्होर’ फुकट होतं, खुलंही होतं. पण २०२४मध्ये त्याची टीम एआय आवाज बनवणाऱ्या इलेव्हनलॅब्जमध्ये गेली आणि सर्व्हर बंद झाले.

ज्यांनी पॉकेटमधून आपला साठा उतरवून घेतला, त्यांच्या हाती काय आलं? एक सीएसव्ही फाइल, म्हणजे एक्सेलसारख्या तक्त्यात उघडणारी साधी यादी. तिच्यात पाच रकाने: शीर्षक, लिंक, सेव्ह केल्याची वेळ, टॅग, आणि वाचलं की नाही. वेळेच्या रकान्यात दहा आकडी संख्या दिसते; ते १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. लेखाची मात्र एक ओळही नाही. नौपाड्यातल्या कुणा आजोबांच्या वहीत रविवार पुरवणीचं कात्रण चिकटवलेलं असतं, तसा मजकूर इथे आपल्या हाती कधी नव्हताच. मराठीच्या बाबतीत हे जास्त बोचतं. वर्तमानपत्राने साइट नव्याने बांधली की जुने पत्ते बदलतात, आणि दहा वर्षांपूर्वीच्या सदराच्या जागी ‘पान सापडले नाही’ एवढंच उरतं.

म्हणून पर्याय निवडताना ॲप दिसायला कसं आहे हे नंतर बघावं, आधी मजकूर बाहेर काढता येतो का ते पाहावं. इन्स्टापेपर २०१६मध्ये पिंटरेस्टकडे गेलं आणि २०१८मध्ये पुन्हा स्वतंत्र झालं. पॉकेट गेल्यावर कोबोच्या ई-रीडरवर तेच आलं. सवय मोडायची नसेल तर ते सोयीचं. रेनड्रॉप लिंक लावून ठेवायला छान. रीडवाइज रीडर दमदार आहे, पण पैसे मोजावे लागतात. माझा कौल २०१३पासून चालू असलेल्या खुल्या ‘वॉलाबॅग’ला. ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं, नाहीतर थोडी वर्गणी भरून वापरता येतं. पॉकेटची यादी ते आत घेतं आणि साठवलेला लेख ईपब, म्हणजे ई-बुकची फाइल, करून देतं.

फाइल हाताशी असेल तर त्यातल्या मराठी लिंक आधी उघडून पाहाव्यात. ज्या उघडतील त्यांचा मजकूर लगेच उतरवून घ्यावा, ज्या उघडणार नाहीत त्या जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या ‘वेबॅक मशीन’ या साइटवर शोधाव्यात. इंग्रजी लेख मागून केले तरी चालतील, त्यांच्या प्रती बहुधा आणखी कुठेतरी असतात.