गाडीवर टांग टाकताना

माझ्या मामांची बुलेट जुनी आहे, उजव्या पायात गिअर असलेली. दोन-तीन वर्षांपूर्वी ते ती अंगणातल्या ओट्याला खेटून लावायला लागले. ओट्यावर उभं राहून टांग टाकायची, म्हणजे पाय कमी उचलावा लागतो. मी विचारलं, "मामा, पाय दुखतोय का?" तर म्हणाले, "पाय न्हाई रे. सीटच उंच झाल्यागत वाटतीय."

सीट होती तेवढीच होती. त्यांचा उजवा खुबा आखडत चालला होता आणि ते घरात कुणालाही कळायच्या आधी गाडीला कळलं होतं. यामागे साधं शरीरशास्त्र आहे. खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. सपाट रस्त्यावर चालताना हा सांधा पुढे-मागे मिळून जेमतेम ४० अंश हलतो. त्यामुळे तो बराच खराब होईपर्यंत माणूस बाजारात जाऊन येतो, कुणाला काही जाणवत नाही. टांग टाकताना मात्र पाय वाकवायचा, बाजूला फाकवायचा आणि वळवायचा, हे सगळं एकाच वेळी करावं लागतं. खुबा बिघडताना पाय आत वळवणं आणि बाजूला फाकवणं याच हालचाली लवकर जातात. मांडी घालून बसणं, मोजा चढवणं, पायाची नखं काढणं जड जाऊ लागलं, तर तेही याच सांध्याचं गाऱ्हाणं असू शकतं.

दुखण्याची जागाही फसवी असते. लोक कुल्ह्यावर हात ठेवून "खुबा दुखतो" म्हणतात, ते पुष्कळदा कंबरेचं असतं. खुब्याच्या सांध्याचं खरं दुखणं बहुधा जांघेत असतं आणि कित्येकदा गुडघ्यात उतरतं. गुडघ्याला तेल चोळण्यात वर्ष घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

आपल्याकडे खुबा बदलावा लागण्याचं एक फार मोठं कारण म्हणजे हाडाच्या माथ्याचा रक्तपुरवठा तुटणं. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. या माथ्याला रक्त पोचवणाऱ्या नळ्या बारीक आहेत, त्यांना पर्यायी वाट जवळजवळ नाही. त्या बंद पडल्या की आतलं हाड मरतं आणि कालांतराने माथा चपटा होतो. स्टिरॉइडची औषधं, दारू, खुब्याचं जुनं फ्रॅक्चर ही नेहमीची कारणं. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे ऐन विशीत-तिशीत हे दुखणं गाठतं. कोरोनाच्या काळात स्टिरॉइड घेतलेल्या काही रुग्णांमध्येही ते दिसल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवलं. मामांनीही तेव्हा ती घेतली होती. त्यानेच त्यांचा खुबा बिघडला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की सुरुवातीला एक्स-रे अगदी स्वच्छ दिसतो आणि दोष एमआरआयमध्येच सापडतो. त्या टप्प्यावर पकडलं तर हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करण्यासारखे उपाय असतात. माथा एकदा ढासळला की मग सांधा बदलण्याचाच विचार करावा लागतो. जांघ दुखते आहे आणि एक्स-रे चांगला आला म्हणून कुणी निर्धास्त राहू नये, असं मला फार वाटतं.

मग बदलायचा कधी? पन्नाशीतल्या माणसाला हा प्रश्न सर्वांत छळतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के २५ वर्षं टिकतात. त्याच नियतकालिकात २०१७ साली आलेल्या अभ्यासात दिसलं की सत्तरीनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी साधारण ५ टक्क्यांनाच पुढे ती पुन्हा करावी लागते, पण पन्नाशीच्या सुरुवातीच्या पुरुषांत ही शक्यता ३५ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून काही जण दात-ओठ खाऊन थांबतात. थांबण्यालाही किंमत आहे. पाय वापरला जात नाही, कुल्ह्याचे स्नायू वाळतात, आणि नवा सांधा बसला तरी तो पेलणारं बळ उरत नाही. रात्री दुखण्याने जाग येत असेल, गोळ्यांनी भागत नसेल, किलोभर चालणं नकोसं होत असेल, तर माझ्या मते वयाचा हिशोब मागे ठेवावा. गाडी चालवता येत नाही एवढ्याच कारणासाठी मात्र शस्त्रक्रिया करू नये.

ही शस्त्रक्रिया आजच्या रूपात आली ती इंग्लंडमधल्या लँकेशरमध्ये. राइटिंग्टन इस्पितळात सर्जन जॉन चार्न्ली यांनी आधी टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या. त्या काही वर्षांतच झिजल्या आणि कितीतरी रुग्णांच्या शस्त्रक्रिया पुन्हा कराव्या लागल्या. त्याच सुमारास कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी प्लॅस्टिकचे गिअर विकणारा एक विक्रेता तिथे येऊन गेला. ते प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिथिलीनचा एक चिवट प्रकार, चार्न्लींचे सहायक हॅरी क्रेव्हन यांनी झीज मोजणाऱ्या यंत्रावर चढवलं आणि ते कसोटीला उतरलं. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्याची पहिली वाटी रुग्णात बसली. गिअरच्या मालातून खुबा घडला, हे गाडीवाल्यांना नक्की भावेल. आजचं पॉलिथिलीन आणखी कमी झिजतं. वाटीत फिरणारा गोळा तेव्हा जेमतेम २२ मिलिमीटरचा होता, आता ३२ किंवा ३६ मिलिमीटरचे बसवतात. गोळा मोठा असला की वाटीतून निखळायला त्याला जास्त अंतर सरकावं लागतं.

शस्त्रक्रियेनंतर "गाडी चालवून सांधा झिजेल का?" असं जवळजवळ प्रत्येक बाईकवाला विचारतो. ही भीती चुकीच्या जागी आहे. बर्लिनमधल्या संशोधकांनी आत मोजणी-यंत्रं बसवलेले सांधे रुग्णांना लावून प्रत्यक्ष भार मोजला. साधं चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो आणि ठेच लागून तोल सावरताना एका रुग्णात तो आठपटींच्या वर गेला. सीटवर बसलेल्या माणसाचं बरंचसं वजन सीटच पेलते, त्यामुळे नुसतं गाडी चालवणं सांध्याला हलकं जातं. धोका आहे तो चढताना, उतरताना, उभ्या गाडीचा भार पेलताना आणि पडताना.

आधी चढण्याचं पाहू. सर्जनने सांधा कुठल्या बाजूने उघडला, हे प्रत्येक गाडीवाल्याने विचारून घ्यावं. मागून उघडला असेल तर पाय ९० अंशांपेक्षा जास्त वाकवून आत वळवला की गोळा मागे निसटू शकतो. पुढे झुकून, गुडघा छातीशी घेऊन उजवा पाय सीटवरून नेण्यात नेमकं हेच घडतं. पुढून उघडला असेल तर उलट, पाय मागे ताणून बाहेर वळवणं धोक्याचं, आणि ऐटीत मागून टांग फिरवताना तेच होतं. म्हणजे एकाला सुरक्षित असलेली पद्धत दुसऱ्याला घातक ठरू शकते. डावा खुबा बदललेल्यांना वाटतं, आपण सुटलो. पण साइड स्टँड डावीकडे, त्यामुळे सगळं अंग डाव्या पायावर तोलून धड फिरवावं लागतं आणि रोवलेल्या पायाच्या सांध्याला पीळ बसतो.

हा पीळ पहिल्या महिन्यांत का जपायचा, तेही समजून घ्यावं. सिमेंटशिवाय बसवलेल्या सांध्याचा खरखरीत दांडा मांडीच्या हाडात घट्ट ठोकलेला असतो. दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन चालता येतं, तरी हाड त्याच्या छिद्रांत वाढून तो खरा पक्का व्हायला काही आठवडे ते महिने जातात. या काळात दांडा हाडात सुमारे ५० मायक्रॉनपर्यंत हलला तर चालतं. तो १५० मायक्रॉन, म्हणजे दोन केसांच्या जाडीएवढा हलत राहिला, तर हाडाऐवजी मऊ तंतूंचा थर तयार होतो आणि सांधा सैल राहतो.

आता उभ्या गाडीचा भार. रॉयल एनफिल्डची आजची क्लासिक ३५० साधारण १९५ किलोची आहे. तिचा गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरवर आणि हँडल एक मीटरवर धरून ढोबळ हिशोब केला, तर गाडी १० अंश कलली की हँडलवर सुमारे १७ किलोचा ओढा येतो आणि २० अंशांना ३३ किलोचा. सिग्नलला पाय खडीवर सरकला तर हा ओढा एका पायाला, फाकलेल्या स्थितीत, क्षणात झेलावा लागतो. ११२ किलोच्या स्प्लेंडरला २० अंशांवरही तो १९ किलोच भरतो. पहिल्या वर्षात हलकी गाडी घ्यावी असं मी आग्रहाने म्हणेन. ज्यांना जमेल त्यांनी स्कूटर घ्यावी, कारण तिथे टांगच टाकावी लागत नाही. रेसिंगच्या गाड्या, ज्यांवर गुडघे खुब्याच्या वर येतात आणि अंग पुढे झुकतं, त्या सर्वांत शेवटी.

पडण्याबद्दल थोडक्यात. धातूचा दांडा हाडापेक्षा ताठ असतो, म्हणून आदळल्यावर हाड पुष्कळदा दांड्याच्या टोकाशी मोडतं आणि ते जोडणं मूळ शस्त्रक्रियेपेक्षा अवघड असतं. शिवाय रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून चार-पाच आठवडे रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतात. त्या दिवसांत किरकोळ पडणंही महागात जातं, आणि तासन्‌तास एका जागी बसून प्रवास केला तर गुठळ्यांचा धोका वाढतो.

शेवटी मामांनीही उजवा खुबा बदलून घेतला. त्यांचा सांधा मागून उघडला होता. सर्जननी तीन महिने गाडीला हात लावू नका असं सांगितलं. फिजिओने आणखी एक अट घातली: बदललेल्या पायावर एकट्याने अर्धा मिनिट उभं राहायचं आणि दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकता कामा नये. कंबर सावरणारे कुल्ह्याचे स्नायू तयार झाले की नाही, ते यातून कळतं. सहाव्या आठवड्यात मामांना सहा सेकंदही जमलं नाही. ते फार खचले. मग रोज सकाळी ओट्याला धरून, कुशीवर झोपून पाय उचलायचा व्यायाम सुरू झाला, मामी शेजारी बसून आकडे मोजायच्या. चौदाव्या आठवड्यात अर्धा मिनिट पुरा झाला.

पहिले काही दिवस गाडी डबल स्टँडवरच होती. ते ओट्यावरून चढायचे, उतरायचे, इंजिन बंद. मग एका रविवारी फाट्यापर्यंत जाऊन आले, चार किलोमीटर. बुलेट अजून ओट्यालाच लागते. किक उजव्या पायाची, उलटी बसली तर सगळा झटका त्याच खुब्यात जातो, म्हणून ती धाकटा मुलगा मारून देतो.