हडसनची दीपगृहे : दिवा वर, दुखणे पायात

न्यू यॉर्क शहरापासून उत्तरेला ट्रॉयच्या धरणापर्यंत, सुमारे २४० किलोमीटर, हडसनला भरती-ओहोटी येते. नकाशात ती नदी आहे. कोकणातला माणूस तिला खाडीच म्हणेल. मधोमध खोल वाट आणि कडेला गाळाची पसरट उथळ पठारे. भरलेली बोट त्यावर चढली की पुढच्या भरतीची वाट बघत बसायचे. म्हणून इथल्या दीपगृहांचे काम समुद्रावरच्यासारखे दुरून किनारा दाखवण्याचे नव्हते. ‘इथे गाळ आहे, वाट त्या अंगाला’ एवढे सांगितले की झाले.

१८०७मध्ये या नदीवर आगबोट सुरू झाली आणि १८२५मध्ये ईरी कालव्याने तिला पंचमहासरोवरांशी जोडले. वाहतूक वाढली, रात्रीही चालू लागली. १८२६चे स्टोनी पॉइंट हे आज उभ्या असलेल्यांतले सर्वांत जुने. अष्टकोनी, दगडी, तीरावरच्या उंच खडकावर; त्यामुळे त्याला पायाची फारशी चिंता नव्हती. बाकीची गाळाच्या कडेलाच हवी होती, म्हणजे पाण्यात.

सॉगर्टीज (१८३५), राँडाउट (१८३८) आणि इसोपस मेडोज (१८३९) ही पहिली खेप. त्यांतले मूळचे एकही उरले नाही. पाण्यातल्या पायाचा खरा वैरी होता बर्फ. नदी गोठते तेव्हा तो पायाच्या लाकडांना चिकटतो. खालून भरती चढली की अख्खी लादी वर उचलली जाते आणि चिकटलेले लाकूड खिळ्यासारखे उपसू पाहते. ओहोटीला तीच लादी खाली ओढते. हे दिवसातून दोनदा. वसंतात बर्फ फुटला की वरून येणाऱ्या लाद्यांच्या धडका वेगळ्याच.

दुसऱ्या खेपेत बांधणारे शहाणे झाले होते. १८७१च्या इसोपस मेडोजसाठी गाळात सुमारे २५० लाकडी पाइल, म्हणजे लांब खांब, ठोकले, त्यांवर आडव्या तुळयांचा माचा बसवला, त्यावर ग्रॅनाइटचा चौथरा आणि सर्वांत वर फळ्यांचे, मॅन्सार्ड (वर कमी, खाली तीव्र उताराच्या) छपराचे घर. पाइलची डोकी पाण्याखाली ठेवणे हा यातला कळीचा मुद्दा. सतत पाण्यात आणि गाळात राहिलेल्या लाकडाला हवा मिळत नाही, म्हणून ते शतकभर सहज टिकते. ओले-सुके होत राहिले तर काही वर्षांत कुजते. हडसन-अथेन्सच्या (१८७४) चौथऱ्याचे उत्तरेकडचे टोक तर जहाजाच्या नाळेसारखे निमुळते केले. वरून येणारी लादी त्यावर आदळून दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. या नदीवरची ही सर्वांत हुशार रचना म्हणायला हरकत नाही.

टॅरीटाउनला (१८८३) मार्ग वेगळा. बिडाचे ओतीव वक्र तुकडे बोल्टने जोडून मनोरा उभा केला. किनाऱ्यापासून तो सुमारे ८०० मीटर आत होता. पुढे मोटार कारखान्यासाठी भराव पडत गेला आणि आता तो पादचारी पुलाने गाठता येतो.

दिव्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. अंतरे थोडी, त्यामुळे छोटी फ्रेनेल लेन्स (काचेच्या कड्यांनी प्रकाश एकवटणारे भिंग) पुरायची. श्रेणीचा आकडा वाढतो तशी लेन्स लहान होते; टॅरीटाउनला चौथ्या श्रेणीची होती. तिचा आतला व्यास ५०० मिलिमीटर, पहिल्या श्रेणीचा १,८४०. धुक्यात कामाला यायची ती घंटा. वजन वर ओढून चावी द्यायची, ते उतरताना ठरावीक अंतराने टोल पडत. यंत्र बिघडले की धुके विरेपर्यंत हाताने.

स्टोनी पॉइंटला नॅन्सी रोझ आणि राँडाउटला कॅथरीन मर्डॉक या दोघींनी १८५७मध्ये, नवरा गेल्यावर, दिवा सांभाळण्याचे काम हाती घेतले. एकीने ते १९०४पर्यंत केले, दुसरीने १९०७पर्यंत.

१९३९मध्ये दीपगृहांचे खाते तटरक्षक दलात गेले, दिवे स्वयंचलित झाले आणि घरे रिकामी पडली. जेफ्रीज हूकचा छोटा लाल मनोरा तर १९३१मध्ये झालेल्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या पायथ्याशीच, त्याच्या झगमगाटात निरुपयोगी ठरला. १९४०च्या दशकात तो बंद झाला. भंगारात जाण्यापासून त्याला वाचवले मुलांनी. लहान मुलांच्या एका पुस्तकामुळे तो त्यांचा लाडका झाला होता. आज सात दीपगृहे उभी आहेत.

हडसन-अथेन्सचे दुखणे मात्र पुन्हा पायातच आहे. मोठ्या जहाजांच्या पंख्यांनी ढवळलेले पाणी चौथऱ्याभोवतीचा गाळ खरवडून नेते. इतकी वर्षे झाकलेले पाइल उघडे पडून झिजतात, आधार असमान होतो आणि वरच्या दगड-विटांना तडे जातात. २०२४मध्ये अमेरिकेतल्या सर्वाधिक धोक्यात असलेल्या ११ ऐतिहासिक स्थळांच्या यादीत ते आले. नुसते तडे बुजवून भागणार नाही. चौथऱ्याभोवती पोलादी भिंतीचे कडे उभारून खालचा गाळ जागेवर धरून ठेवायचा, असा उपाय पुढे आला आहे. वरच्या भिंतींचे काम त्यानंतरचे.