शिंगाळ्या बेडकाला पाण्यात ठेवू नका

बेडूक म्हटला की विहीर, डबकं, भातखाचर. मालवणपासून अलिबागपर्यंत बहुतेकांचा हाच हिशेब, म्हणून हौसेने पाळायला आणलेला शिंगाळा, म्हणजेच 'पॅकमन' बेडूकही अर्ध्या भरलेल्या काचपेटीत जातो. तिथे तो बुडून मरू शकतो.

मूळचा दक्षिण अमेरिकेचा हा बेडूक पोहण्यात अगदी कच्चा. अंग गोल, पाय आखूड. तो ओल्या मातीत, पाचोळ्यात डोळ्यांपर्यंत पुरून घेतो आणि समोरून जाईल ते गिळतो. दुसरा बेडूकही! त्यामुळे पेटीत एकटाच ठेवावा. डोळ्यांवरची 'शिंगं' म्हणजे नुसती कातडीची टोकं.

पाणी तो पितच नाही, कातडीतून शोषतो. खाली चार-पाच बोटं जाडीचा, भिजवून घट्ट पिळलेला काथ्याचा भुसा आणि त्याच्या हनुवटीपर्यंतच पाणी येईल अशी उथळ ताटली, एवढं पुरतं. भुसा मात्र मीठ नसलेला हवा. खाडीत कुजवलेल्या नारळाच्या सोडणांचा असेल तर आधी गोड्या पाण्यात नीट धुवा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढणारं औषध वापरा. किनाऱ्यालगतच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, ते पाणी तर नकोच.

आणि 'कोकणात हवा दमट, मग काळजी कसली' हेही अर्धंच खरं. चोवीस ते अठ्ठावीस अंश त्याला मानवतं. आपला मे त्याच्या वर जातो. पेटी घरातल्या सर्वांत थंड खोलीत, उन्हापासून लांब ठेवा.

कंटाळा आला म्हणून ओढ्यात, पऱ्ह्यात सोडणं तर साफ चूक: परदेशी बेडकासोबत आलेला रोग इथल्या बेडकांना लागू शकतो.